रूळ कुणाचे, पास कुणाचा

"दादा, जपानचा तो सात दिवसांचा पास काढून टाकू ना?"

मावसबहिणीचा फोन होता. विमानाची तिकिटं व्हायची होती, हॉटेलं बघायची होती, पण पास मात्र तिच्या मनात पक्का झाला होता. तिच्या ऑफिसातलं एक जोडपं 2019 च्या डिसेंबरात जपानला जाऊन आलं होतं. त्यांनी सांगितलं होतं, बाकी काही कर किंवा करू नकोस, रेल्वेचा पास मात्र इथूनच काढून जा. त्या दोघांचं काही चुकलं नव्हतं. त्या वेळी तोच सल्ला बरोबर होता.

मी तिला एवढंच विचारलं, "कुठून कुठे जायचंय, ते सांग आधी."

आपल्याकडे, विशेषतः मुंबई-ठाण्याकडे, पास हा शब्द ऐकला की मन आपोआप स्वस्ताईकडे वळतं. महिन्याचा पास, तीन महिन्यांचा पास, शाळेचा सवलतीचा पास यातच आपण वाढलेलो असतो. पण लोकलचा पास फायद्याचा ठरतो, कारण त्याचा रस्ता ठरलेला असतो. डोंबिवली ते दादर, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. पास काढणाऱ्याला आपण किती वेळा गाडीत चढणार, हे आधीच माहीत असतं. परदेशातल्या सुट्टीत नेमकं हेच माहीत नसतं, आणि तरी आपण पहिल्यांदा पासच काढायला निघतो. या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: आधी रस्ता कागदावर उतरवा, मग त्या रस्त्यावरचे रूळ कोणाच्या मालकीचे आहेत ते बघा, आणि पासाचा विचार त्यानंतर करा. हे समजायला जपानइतका चांगला देश नाही, म्हणून सगळा हिशेब तिथलाच मांडतो.

'जपान रेल पास' 1981 पासून मिळतो. परदेशातून थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने देशभर फिरावं, यासाठी तो काढलेला आहे. 2019 च्या शेवटी सात दिवसांच्या साध्या वर्गाच्या पासाला 29,650 येन पडत. टोकियोहून क्योतोला शिंकान्सेनने, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनने, जाऊन परत आलं की भाडं जवळपास तेवढंच होई. त्यामुळे टोकियो-क्योतो-टोकियो एवढंच फिरणाऱ्याचेही पैसे वसूल होत, आणि ओसाका, नारा, हिमेजी, हिरोशिमा ही सगळी शहरं वर फुकट पदरात पडत. प्रत्येक जण पास घ्या म्हणायचा ते यामुळे.

ऑक्टोबर 2023 मध्ये हाच पास 50,000 येनांचा झाला. चौदा दिवसांचा 47,250 वरून 80,000 वर गेला आणि एकवीस दिवसांचा 60,450 वरून 1,00,000 वर. एकदम 65 ते 69 टक्के वाढ. येनला 55 ते 60 पैसे धरले, तर सात दिवसांचा पास माणशी साडेसत्तावीस ते तीस हजार रुपयांना पडतो. गाड्यांची साधी भाडी मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. जुना सल्ला लोकांच्या तोंडी राहिला आणि त्याच्याखालचा हिशेब सरकला.

तो हिशेब समजायचा, तर जपानी तिकीट एकदा हातात घेऊन बघायला हवं. शिंकान्सेनचं कागदी तिकीट काढलं की बहुतेक वेळा दोन चिठ्ठ्या हातात पडतात. दोन्ही एकाच आकाराच्या, जाडसर, पाठीमागून काळपट. एक 'जोशाकेन', म्हणजे अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी रेल्वेने जाण्याचं मूळ भाडं, किलोमीटरवर ठरलेलं. दुसरी 'तोक्क्युकेन', म्हणजे जलद गाडीत बसण्याचा वेगळा आकार. टोकियो ते क्योतो मूळ भाडं 8,360 येन आणि सगळ्यांत वेगवान 'नोझोमी' गाडीत राखीव जागेचे 5,810, मिळून 14,170 येन. ऐन हंगामात यावर दोन-चारशे येन चढतात. फलाटाकडे जाताना दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवून यंत्राच्या फटीत सरकवायच्या. क्षणात दोन्ही पलीकडच्या टोकाला वर आलेल्या दिसतात, आणि त्या उचलायला विसरायचं नाही. भाड्याच्या हिशेबाने हे अंतर 513.6 किलोमीटर भरतं. आपल्याकडे शिंकान्सेनच्याच तंत्राने होत असलेला मुंबई-अहमदाबाद मार्ग 508 किलोमीटरचा आहे, त्यावरून अंदाज यावा. हा पल्ला नोझोमी सव्वादोन तासांच्या आसपास काटते.

या मूळ भाड्याच्या चिठ्ठीत एक सोय आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. लांबच्या प्रवासाच्या कागदी जोशाकेनवर स्टेशनाऐवजी शहराचं नाव छापलेलं असतं. टोकियोच्या 23 वॉर्डांतल्या कुठल्याही जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या, स्टेशनावरून तुम्ही त्याच तिकिटावर निघू शकता, आणि क्योतोत स्टेशनाबाहेर न पडता गाडी बदलली, तर शहराच्या हद्दीतल्या जेआर स्टेशनापर्यंत त्याच भाड्यात जाता येतं. हॉटेल शिंजुकूत असेल, तर तिथून टोकियो स्टेशनापर्यंतचे पैसे वेगळे पडत नाहीत. मोबाइलवर 'स्मार्टईएक्स' या ॲपने काढलेल्या तिकिटाला ही सोय नाही. तिथे वेगळा फायदा आहे: घरबसल्या आपल्या कार्डाने तिकीट काढता येतं आणि आधी काढलं तर काही गाड्यांवर सूट मिळते.

आता रुळांच्या मालकीकडे येऊ. जपानची सरकारी रेल्वे 1 एप्रिल 1987 रोजी मोडून तिच्या सहा प्रवासी कंपन्या झाल्या: होक्काइदो, पूर्व, मध्य, पश्चिम, शिकोकू आणि क्युशू. मालगाड्यांची सातवी. सगळ्यांच्या नावात जेआर आहे, आणि पाहुण्याला ती एकच रेल्वे वाटते. पण टोकियोपासून शिन-ओसाकापर्यंतचा शिंकान्सेन मार्ग मध्य कंपनीचा, आणि शिन-ओसाकापासून पुढे हिरोशिमावरून हाकातापर्यंतचा पश्चिम कंपनीचा. नोझोमी त्यावरून सरळ धावत जाते, डब्यात बसलेल्याला हद्द कळतही नाही. तिकिटाच्या हिशेबात मात्र ती हद्द फार महत्त्वाची आहे, कारण देशभराच्या एका मोठ्या पासाखेरीज या कंपन्यांचे आपापल्या इलाख्याचे लहान पास असतात. आणि त्या लहान पासांचे भाव त्या मानाने फार चढलेले नाहीत.

बहिणीचा बेत असा होता: ती, तिचे यजमान, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. चार रात्री टोकियो, तीन क्योतो, एक हिरोशिमा, दोन ओसाका, आणि पुन्हा टोकियोला येऊन परतीचं विमान. मी तिला फोनवरच वहीत ओळी मारायला लावल्या. टोकियो-क्योतो 14,170. क्योतो-हिरोशिमा अकरा हजारांच्या वर. हिरोशिमाहून ओसाका साडेदहा हजारांच्या आसपास. ओसाकाहून टोकियो 14,720. बेरीज पन्नास हजारांच्या अवतीभवती, म्हणजे मोठ्या पासाच्या किमतीइतकीच.

"मग पासच घेऊ की! सारखंच तर आहे."

सारखं नव्हतं. मोठ्या पासावर नोझोमीत असंच बसता येत नाही. 2023 पूर्वी तर मुळीच बसता येत नसे. आता वेगळी रक्कम भरून बसता येतं, आणि ती टोकियो-क्योतोला 4,960 येन आहे, टोकियो-हिरोशिमाला 6,500. ती द्यायची नसेल, तर 'हिकारी' गाडी. तिला क्योतोपर्यंत पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, आणि नोझोमी जिथे तासाला दहा-बाराही सुटतात, तिथे हिकारी दोनच. शिवाय पासाचे सात दिवस सलग मोजले जातात. एकदा सुरू केला की क्योतोत देवळं बघत पायी फिरलात तो दिवसही त्यातच गेला. दिवस म्हणजे तारीख, चोवीस तास नव्हे. रात्री आठला सुरू केला तर चार तासांत पहिला दिवस संपला.

आणि तिच्या बेतात हिरोशिमा नसतं तर? टोकियोहून क्योतो, तिथून साध्या जलद लोकलने 580 येनांत अर्ध्या तासात ओसाका, आणि ओसाकाहून टोकियो. एकूण 29,470 येन. पहिल्यांदा जपानला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबं एवढंच फिरतात. त्यांनी 50,000 चा पास घेतला, तर माणशी वीस हजार येन वाया जातात. माझ्या मते आज सर्वाधिक नुकसान याच प्रवाशांचं होतं.

पण हिरोशिमा वगळायला मी तिला सांगणार नव्हतो. शांतता स्मारकाचं संग्रहालय नऊ वर्षांच्या मुलीला झेपेल का, हा प्रश्न तिने विचारला, आणि तो आईबापांनीच सोडवायचा आहे. पण समोरचं मियाजिमा बेट, भरतीच्या पाण्यात उभं असलेलं ते केशरी तोरीद्वार, ते चौघांनीही बघायला हवं होतं. तेव्हा आम्ही पश्चिम कंपनीच्या 'कान्साई-हिरोशिमा' पासाकडे वळलो. पाच सलग दिवस, 17,000 येन, लहान मुलांना निम्मे. त्यात क्योतो, नारा, ओसाका, हिमेजी इथल्या जेआर गाड्या, शिन-ओसाका ते हिरोशिमा शिंकान्सेन, तीही नोझोमीसकट, मियाजिमाची जेआरची बोट, आणि कान्साई विमानतळाकडे जाणारी 'हारुका' गाडी, इतकं येतं. नुसतं शिन-ओसाका-हिरोशिमा जाऊन-येऊन सुटी तिकिटं काढली, तरी 21 हजारांच्या वर जातात.

इथे रुळांची मालकी आडवी येते, म्हणून नीट सांगतो. या पासावर क्योतो स्टेशनावरच शिंकान्सेनमध्ये चढलं तर चालत नाही. क्योतो ते शिन-ओसाका हा शिंकान्सेनचा जेमतेम पंधरा मिनिटांचा तुकडा मध्य कंपनीचा आहे, आणि पास पश्चिम कंपनीचा. तेव्हा क्योतोहून साध्या फलाटावरून 'शिनकाइसोकू' लोकल धरायची, पंचवीसेक मिनिटांत शिन-ओसाकाला उतरायचं, जिना चढून शिंकान्सेनच्या फलाटावर जायचं. हे माहीत नसलं, की पास हातात असूनही वेगळं तिकीट काढावं लागतं.

मग मी तिला विमानाचं विचारलं. परतीसाठी टोकियोला यायलाच हवं का? ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत फिरता येईल का? एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्या शहरातून परतायचं, असं तिकीट पुष्कळदा फार महाग नसतं, पण रेल्वेचा एक अख्खा लांबचा पल्ला वाचतो. तिला त्या तारखांना ते मिळालं. पासाचे पाच दिवसही मग नेमके बसले. सातव्या दिवशी क्योतोहून नारा. आठव्या दिवशी हिरोशिमा. नवव्या दिवशी मियाजिमा बघून ओसाका. दहाव्या दिवशी हिमेजीचा पांढरा किल्ला. अकराव्या दिवशी हारुकाने विमानतळ. ही गाडी 2023 पासून ओसाका स्टेशनावरही थांबते.

वहीतली शेवटची बेरीज अशी झाली. मोठा पास घेतला असता, तर तिघा मोठ्यांचे दीड लाख आणि लेकीचे 25,000, मिळून 1,75,000 येन. आताच्या बेतात मोठ्या माणसाला 14,170 अधिक 17,000, म्हणजे 31,170. लेकीला 7,080 अधिक 8,500, म्हणजे 15,580. चौघांचे 1,09,090 येन. फरक 65,910 येनांचा, रुपयांत छत्तीस ते चाळीस हजार. टोकियोहूनच परतायचं असतं, तर नोझोमीच्या तिकिटाचे 51,510 वाढून 1,60,600 झाले असते. तरीही पासापेक्षा 14,400 येन कमी. हे 2024-25 मधले दर आहेत. तुम्ही निघाल तेव्हा प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर ताजा आकडा बघा आणि याच ओळी पुन्हा मांडा. पद्धत तीच राहील.

मोठा पास कधीच घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही. टोकियो ते हाकाता एका बाजूला साधारण 23,400 येन पडतात. टोकियोहून निघून हिरोशिमात मुक्काम, मग हाकाता, परतताना ओसाका आणि पुन्हा टोकियो, असा सात दिवसांत दौडत जाणारा बेत असेल तर पास निःसंशय घ्यावा. एकदा उत्तरेला आओमोरी आणि त्याच आठवड्यात दक्षिणेला हिरोशिमा, यालाही तोच योग्य. पण सासूबाई बरोबर आहेत, लेक लहान आहे, अशा घराने सात दिवसांत असं धावावं का, हे आधी ठरवा. पास वसूल करायचा म्हणून बेत लांबवणारे लोक मी पाहिले आहेत. सुट्टी त्यांची गाडीत जाते.

एका रस्त्याचा मोह मात्र मलाही आहे. टोकियोहून नागानो, कानाझावा, फुकुई असं जपानच्या समुद्राच्या बाजूने क्योतो-ओसाकाला जायचं. होकुरिकू शिंकान्सेन 16 मार्च 2024 पासून त्सुरुगापर्यंत धावते. तिथे गाडी बदलून क्योतोला यायचं. कानाझावाचं केनरोकुएन उद्यान बघण्यासाठी हा वळसा सार्थ आहे. या रस्त्यासाठी 'होकुरिकू आर्च' नावाचा सात दिवसांचा पास आहे, 2024 मध्ये तो 30,000 येनांचा झाला. पण इथेही वही काढा. टोकियो-कानाझावा 14,380 आणि कानाझावा-क्योतो सुमारे 7,800, म्हणजे 22 हजारांच्या थोडं वर. दोन्ही टोकांच्या विमानतळाच्या गाड्या धरल्या आणि वाटेत नागानोला उतरलात, तरच पास परवडतो.

शहरांतल्या फिरण्यासाठी पासाचा विचारच करू नये. टोकियोची मेट्रो जेआरची नाही, क्योतोच्या बस नाहीत, ओसाकाची भुयारी रेल्वे नाही. क्योतोहून फुशिमी इनारीच्या देवळासमोरच्या इनारी स्टेशनाला जेआरने 150 येन लागतात, नाराला 720. सुइका किंवा इकोका कार्डात पैसे भरून ठेवा, यंत्राला टेकवा आणि चाला.

पास कोणाला मिळतो, हेही पक्कं करून घ्या. पारपत्रावर 'तात्पुरता पाहुणा' असा शिक्का किंवा चिकटपट्टी असणाऱ्यालाच हे पास मिळतात. टोकियोच्या निशी-कासाई भागात आपली मराठी माणसं बरीच आहेत, आयटीत काम करणारी. त्यांना कामाच्या व्हिसावर जपान रेल पास मिळत नाही, पण पुण्याहून आलेल्या त्यांच्या आईबाबांना मिळतो. मग मुलगा तिकिटावर नोझोमीत आणि आईबाबा पासावर हिकारीत, अशी फाटाफूट होते. अशा घराने सगळ्यांची सुटी तिकिटं काढून एकत्र बसावं. वर्षाने भेटलेल्या माणसांनी वेगवेगळ्या गाड्यांतून जाण्यात काय अर्थ आहे?

युरोपात रूळ बदलले तरी प्रश्न तोच राहतो. 1959 पासून चालत आलेला युरेल पास आज 33 देशांत चालतो, पण फ्रान्सच्या टीजीव्हीत, इटलीच्या फ्रेचारोसात आणि युरोस्टारमध्ये जागेचं आरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, आणि पासवाल्यांसाठी जागा मोजक्या असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत आरक्षणाशिवाय बसता येतं. आपल्या लोकांना युंगफ्राउला जायचंच असतं. युरेल पास इंटरलाकेनपर्यंत पोचवतो, पुढे डोंगरावरच्या रेल्वेत फक्त सवलत. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत नेतो, आणि त्याच्या पुढे सवलत. पुन्हा तोच मुद्दा, डोंगरावरचे रूळ निराळ्या कंपनीचे.

शेवटी सामान आणि सुट्टीचे दिवस. आपल्या मुलांची सुट्टी मे महिन्यात, आणि 29 एप्रिल ते 5 मेच्या आसपास जपानची सलग सुट्ट्यांची 'गोल्डन वीक'. त्या गर्दीत नोझोमीच्या सगळ्या जागा राखीव असतात, त्यामुळे तिकीट आधी काढा. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरहून मोठी बॅग असेल, तर टोकियो-हाकाता शिंकान्सेनमध्ये डब्यातल्या शेवटच्या रांगेतली सामानाच्या जागेसह सीट आरक्षित करावी लागते. त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण न करता चढलात तर 1,000 येन. चौघांच्या मोठ्या बॅगा बहिणीने टोकियोच्या हॉटेलातून क्योतोच्या हॉटेलात 'ताक्क्युबिन' या सामान पोचवणाऱ्या सेवेने पाठवल्या, आणि हातात एकेक पिशवी घेऊन ते स्टेशनावर गेले. क्योतोच्या वाटेवर उजवीकडच्या दोनच्या सीटवर, ई अक्षराच्या खिडकीला, तिने सासूबाईंना बसवलं होतं. टोकियो सोडून पाऊणएक तास झाला की शिन-फुजी स्टेशनाच्या आसपास फुजी पर्वत त्याच बाजूला येतो. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं.

पास हरवला तर दुसरा मिळत नाही, म्हणून चौघांचे पास तिने पारपत्रांबरोबर एकाच पाकिटात ठेवले होते. फक्त मियाजिमाच्या धक्क्यावर तिला थांबावं लागलं. बोट पासात आहे, पण ऑक्टोबर 2023 पासून बेटावर जाणाऱ्या प्रत्येकाकडून 100 येन पाहुणाकर घेतात, आणि तो पासात नाही. मी हे आधीच सांगून ठेवलं होतं. लेकीने मुठीत धरलेली शंभराची चार नाणी खिडकीत ठेवली, आणि चौघं बोटीत चढले.